ग्लुकोकॉर्टिकॉइड : एका संप्रेरकाचा शरीरभर पसरलेला कारभार

मूत्रपिंडांच्या माथ्यावरील अधिवृक्क ग्रंथी निकामी झाल्यास काय होते, हे लंडनच्या थॉमस ॲडिसन यांनी १८५५ मध्ये नोंदवले : रुग्ण दिवसेंदिवस अशक्त होत जातो, त्याची त्वचा काळवंडते आणि अखेर तो दगावतो. याच्या उलट चित्र अमेरिकी शल्यविशारद हार्वी कुशिंग यांनी १९३२ मध्ये मांडले. त्यांच्या रुग्णांचे चेहरे गोल गरगरीत, पोट सुटलेले, हातपाय काटकुळे, त्वचेवर जांभळे पट्टे आणि हाडे ठिसूळ झालेली होती. कुशिंग यांना दोष मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतील गाठीत दिसला. तिच्या चिथावणीने अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसोल हे ग्लुकोकॉर्टिकॉइड गटातील संप्रेरक बेसुमार स्रवतात, हे पुढे स्पष्ट झाले.

औषध म्हणून या संप्रेरकांकडे लक्ष गेले ते मात्र कावीळीमुळे. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधील फिलिप हेंच यांना १९२९ मध्ये असे आढळले की, कावीळ झालेल्या रुग्णाचा सांधेदुखीचा जुना त्रास अचानक ओसरतो. गरोदरपणातही तसेच घडते. शरीरातच काहीतरी उपशमन करणारे द्रव्य असावे, या तर्काचा पाठपुरावा त्यांनी जवळपास दोन दशके केला. एडवर्ड केंडॉल यांनी वेगळे केलेले आणि मर्क कंपनीने बैलाच्या पित्तातील आम्लापासून खटाटोपाने बनवलेले, कॉर्टिसोलच्याच गटातील कॉर्टिसोन सप्टेंबर १९४८ मध्ये आमवाताने अंथरुणाला खिळलेल्या एका तरुणीला टोचण्यात आले, आणि काही दिवसांतच ती चालू लागली. हेंच, केंडॉल आणि बाझेलचे टाडेउश राइखस्टाइन यांना १९५० चे नोबेल पारितोषिक मिळाले. तोवर उपचार घेणाऱ्या रुग्णांचे चेहरेही गोल होऊ लागले होते. कुशिंग यांचे वर्णन हाताशी असताना त्याचे नवल वाटायला नको होते.

याचे कारण असे की, कॉर्टिसोलला प्रतिसाद देणारे ग्राही प्रथिन शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत असते. संप्रेरक चिकटले की हे प्रथिन पेशीकेंद्रात शिरते आणि काही जनुके जागी करते, काही दडपते; कोणती, ते ऊती ठरवते. यकृत नवी साखर तयार करते, स्नायू त्यासाठी आपली प्रथिने मोडून देतात, हाड घडवणाऱ्या पेशी मंदावतात, त्वचा पातळ होते आणि दाह पेटवणारे रेणू कमी बनतात. म्हणजे सांध्याची सूज उतरवणारी गोळीच रक्तातील साखर चढवते. दाहशमन तेवढे ठेवून बाकीचे टाळणारे औषध रसायनशास्त्रज्ञ कितीतरी वर्षे शोधत आहेत. प्रेडनिसोन आणि डेक्सामेथासोन या कृत्रिम ग्लुकोकॉर्टिकॉइडांत क्षार-पाणी साठण्याचा त्रास पुष्कळ घटला, पण हाडे आणि साखर यांचा प्रश्न तसाच राहिला.

सर्वांत अनपेक्षित शोध फुप्फुसांचा. न्यूझीलंडचे ग्रॅहम लिगिन्स मेंढ्यांवर प्रसूतीच्या कारणांचा अभ्यास करत होते. डेक्सामेथासोन दिलेले, एरवी जगू नये इतक्या अपुऱ्या दिवसांचे एक कोकरू जन्मानंतर श्वास घेताना त्यांना दिसले. त्याची फुप्फुसे काही अंशी फुललेली होती, म्हणजे औषधाने ती लवकर परिपक्व केली असावीत. बालरोगतज्ज्ञ रॉस हॉवी यांच्यासह त्यांनी १९७२ मध्ये मातांवरील चाचणी प्रसिद्ध केली, आणि अकाली प्रसूतीची शक्यता असल्यास आईला ग्लुकोकॉर्टिकॉइडचे इंजेक्शन देण्याची पद्धत पुढे, बऱ्याच दिरंगाईने, रूढ झाली.

जून २०२० मध्ये ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीने रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोनमुळे व्हेंटिलेटरवरील कोविड रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटल्याचे दाखवले; ज्यांना प्राणवायूची गरजच नव्हती, त्यांना मात्र लाभ झाला नाही. तरीही २०२१ च्या लाटेत आपल्याकडे स्टिरॉइड, म्हणजे याच गटातील औषधे, सर्रास दिली गेली, आणि महाराष्ट्रातील रुग्णालयांत म्युकरमायकोसिस या बुरशीजन्य संसर्गाचे जे रुग्ण आले, त्यांतील अनेकांना मधुमेह होता आणि अनेकांनी स्टिरॉइड घेतलेली होती.