ट्रेन सिम्युलेटर सुधारतात, पण हप्त्याहप्त्याने

२०२० साली मायक्रोसॉफ्टचा नवा फ्लाइट सिम्युलेटर आला आणि तेव्हापासून रेल्वेवेड्या गेमर्सची एक मागणी सारखी ऐकू येते: विमानांसाठी अख्खी पृथ्वी उभी केलीत, मग गाड्यांसाठी का नाही? मागणी चुकीची नाही. पण ट्रेन सिम्युलेटरचा, म्हणजे संगणकावर गाडी चालवायच्या खेळांचा, आजवरचा प्रवास पाहिला, तर तिचं उत्तर काय येणार याचा अंदाज बांधता येतो.

सुरुवात जपानची. ओंगाकुकान या कंपनीने १९९५ मध्ये केबिनमधून केलेलं खरं चित्रीकरण वापरून गाडी चालवायला दिली. पुढच्याच वर्षी तैतोचा ‘डेन्शा दे गो’ आर्केडमध्ये आला. वेळेवर पोहोचा, फलाटावर नेमक्या जागी थांबा, एवढाच खेळ, पण मोटरमनच्या कामाचा गाभा त्यात होता. मात्र कंपनीने दिलेला मार्गच चालवायचा, स्वतःचा बांधायची सोय नाही.

ती सोय २००१ मध्ये आली. ब्रिटनच्या कुजू कंपनीने बनवलेला मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटर सहा मार्ग घेऊन बाजारात उतरला, आणि त्याच्यासोबत मार्ग बांधायचे एडिटरही मिळाले. इंजिनाची फाइल म्हणजे साधा मजकूर, नोटपॅडमध्ये उघडा आणि वजन, ताकद, ब्रेकचा जोर बदला. कंपनीने भारतातला एकही मार्ग दिला नव्हता, तरी आपल्याकडच्या हौशी मंडळींनी डब्ल्यूडीएम-२, डब्ल्यूएपी-४ अशी इंजिनं त्यात धावती केली ती या मोकळीकीमुळेच. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातून आलेल्या ‘ट्रेन्झ’चीही भिस्त मार्ग स्वतः बांधण्यावरच होती.

पुढचा भाग मात्र निराशेचा. मायक्रोसॉफ्टने २००३ मध्ये दुसऱ्या आवृत्तीची घोषणा केली, २००४ मध्ये काम गुंडाळलं. २००७ मध्ये पुन्हा घोषणा, आणि २००९ च्या जानेवारीत ते काम करणारा एसेस स्टुडिओच बंद. मधल्या काळात कुजूने २००७ मध्ये ‘रेल सिम्युलेटर’ आणला. तोच पुढे ‘रेलवर्क्स’, मग ‘ट्रेन सिम्युलेटर’ झाला आणि आता डव्हटेल ही कंपनी तो ‘क्लासिक’ अशी शेपूट लावून विकते. नाव दर काही वर्षांनी बदललं, आतला गाभा तोच. मोठ्या मार्गावर मेमरी संपून खेळ कोसळायचा. जास्त मेमरी वापरू शकणारी ६४-बिट आवृत्ती आली २०१८ मध्ये, म्हणजे अकरा वर्षांनी. कंपनीचा आळस हे त्याचं कारण मला पुरेसं वाटत नाही. गिऱ्हाईक मोजकं आणि कमाई मुख्यतः नव्या मार्गांच्या विक्रीतून, मग गाभ्याला हात घालण्याचा खर्च आधी कोण काढणार?

तो गाभा बदलण्याचा मार्ग त्याच कंपनीने, डव्हटेलने, ‘ट्रेन सिम वर्ल्ड’मध्ये निवडला. २०१७ पासून तो ‘अनरियल इंजिन’ या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरवर आहे. दिसायला देखणा, केबिनमधलं प्रत्येक बटण दाबता येतं, गाडीतून उतरून चालता येतं. पण क्लासिकमध्ये विकत घेतलेला एकही मार्ग त्यात चालत नाही, आणि पहिली काही वर्षं लोकांच्या हाती एडिटरही नव्हता.

याच्या उलट वाट ‘ओपन रेल्स’ची. २००९ मध्ये स्वयंसेवकांनी सुरू केलेल्या या मुक्त प्रणालीची १.० आवृत्ती २०१५ मध्ये आली. जुन्या मायक्रोसॉफ्ट सिम्युलेटरचे मार्ग आणि इंजिनं ती जशीच्या तशी चालवते, वर चाकांची पकड, घसरण, ब्रेक पाइपमधला दाब शेवटच्या डब्यापर्यंत पोहोचायला लागणारा वेळ यांचं गणित सुधारते. चकाकी कमी, वागणूक खरी. अर्थात फाइलमध्ये कुणी मालडब्याचं वजनच अंदाजाने टाकलं असेल, तर गणित कितीही चोख असो, गाडी खोटीच चालणार.

आता विमानांची तुलना. हजारो फुटांवरून सॅटेलाइटचं चित्र पुरतं. लोको पायलटच्या डोळ्यांपासून सिग्नलचा खांब काही मीटरवर असतो, आणि असे खांब, झाडं, फाटकं शेकडो किलोमीटर हाताने लावावी लागतात. चढाची अडचण त्याहून मोठी. १०० ला १ चढावर किलोमीटरभरात रूळ फक्त १० मीटर वर जातात. २००० साली अंतराळयानातून रडारने मोजलेल्या ज्या उंचीवर बरेच हौशी मार्ग उभे राहतात, तिच्यात काही मीटरची चूक सहज असते. डोंगर कापून काढलेली वाट त्यात बुजते आणि बोगदा तर वरून दिसतच नाही. मग रुळांशेजारच्या चढ-उताराच्या पाट्या व्हिडिओ थांबवून थांबवून वाचायच्या. हे काम संगणकावर सोपवता येईल अशी आशा नजीकच्या काळात मी तरी धरणार नाही.

कर्जत-लोणावळा घाटाचंच बघा. ३७ ला १ चढ, म्हणून कर्जतला गाडीच्या मागे बँकर, म्हणजे मागून ढकलणारी, इंजिनं लागतात. त्यांचा लोको पायलट वेगळा, पुढच्याशी बोलून जोर लावणारा. २००१ च्या खेळात गाडीतली सगळी इंजिनं पुढच्या एकाच हँडलला बांधलेली असायची, त्यामुळे मागचा बँकर नुसता शोभेचा. ओपन रेल्सच्या अलीकडच्या आवृत्त्यांत मागच्या इंजिनांचा गट वेगळा करून स्वतंत्र जोर देता येतो. फक्त दोन्ही गट हाताळणारा माणूस एकच, खेळणारा.