मुलाखतीतली धडधड

चोपड्याहून सकाळच्या एसटीने माझी भाची जळगावला मुलाखतीला गेली आणि दुपारी रडवेली होऊन परतली. "मामा, छातीमा नुसती धडधड व्हस. जे येत व्हतं तेबी सांगता उनं नई." आपणच भित्र्या, असं तिने मनाशी ठरवूनही टाकलं होतं. तिला मी ट्रिअरची गोष्ट सांगितली.

ट्रिअर हे जर्मनीतलं शहर. तिथल्या विद्यापीठातल्या संशोधकांना धडधाकट माणसाच्या शरीरात खात्रीने ताण निर्माण करायचा होता. 1993 साली त्यांनी जी पद्धत प्रसिद्ध केली, ती म्हणजे चक्क नोकरीची खोटी मुलाखत. तयारीला थोडा वेळ द्यायचा, मग कागद काढून घ्यायचा आणि परीक्षकांपुढे पाच मिनिटं स्वतःबद्दल बोलायला लावायचं. परीक्षक हसत नाहीत, मानही डोलवत नाहीत. पुढची पाच मिनिटं तोंडी वजाबाकी: 1022 मधून 13, त्यातून पुन्हा 13... चुकलं की पहिल्यापासून. जगभरच्या प्रयोगशाळांत आजही ताण निर्माण करून तो मोजायला ही चाचणी वापरतात. म्हणजे मुलाखतीत घाबरणं हा भाचीचा दोष नव्हता. निरोगी शरीर तिथे असंच वागतं.

केळीच्या बागेत पाणी भरताना पायाशी साप दिसला तर जे घडतं, तेच तिथे घडतं. मेंदूकडून इशारा जातो, मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी ॲड्रेनलिन सोडतात. हृदय जोरात चालतं, त्वचेकडचं आणि पोटाकडचं रक्त स्नायूंकडे वळतं. म्हणून हात गार पडतात, पोटात गोळा येतो. तोंडालाही कोरड पडते. पाठोपाठ कॉर्टिसोल हे ताणाचं दुसरं संप्रेरक वाढतं. ते सावकाश चढतं आणि पाठ असलेलं ऐनवेळी आठवण्यात अडथळा आणतं. साप दिसला की पळता तरी येतं. खुर्चीवर मात्र बसूनच राहावं लागतं.

2004 साली 208 अभ्यास एकत्र तपासले गेले. दुसरं कोणी आपल्याला जोखतंय आणि परिस्थिती आपल्या हातात नाही, या दोन गोष्टी जुळून आल्या की कॉर्टिसोल सर्वांत जास्त वाढतं, असं त्यात आढळलं. मुलाखतीत या दोन्ही असतात. आपल्या खान्देशातल्या मुलांवर आणखी एक ओझं असतं. घरी अहिराणी, कॉलेजात प्रमाण मराठी आणि समोरचा प्रश्न इंग्रजीत. एका वेळी मनात धरून ठेवण्याची मेंदूची जागा फार थोडी. तिचा मोठा भाग 'आपला हेल तर कळत नाही ना' या पहाऱ्यातच गेला, तर उत्तर जुळवायला उरतं काय? हे माझ्या मनाला लागतं, कारण हुशार पोरं त्यापायी मागे पडताना मी पाहिली आहेत.

पहारा थोडा सैल करणारी एक गोष्ट विज्ञानाने दाखवून दिली आहे. आपली घाबरगुंडी समोरच्याला स्पष्ट दिसते असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात त्याला ती बरीच कमी दिसते. अमेरिकेतल्या सावित्स्की आणि गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी 2003 साली भाषण करणाऱ्या काही जणांना एवढंच आधी समजावून सांगितलं. न सांगितलेल्यांपेक्षा त्यांची भाषणं ऐकणाऱ्यांनाही सरस वाटली. नुसतं ठाऊक असण्यानेही फरक पडतो.

श्वासाचाही उपयोग होतो. श्वास सोडताना हृदयाची गती किंचित उतरते, म्हणून दाराबाहेर थांबलेलं असताना श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्यावा. मात्र माझा खरा भरवसा सरावावर आहे, आणि आरशापुढच्या सरावावर नाही, कारण आरसा जोखत नाही. ट्रिअरच्या संशोधकांनी तीच चाचणी त्याच माणसांवर पाच दिवस रोज घेतली, तेव्हा बहुतेकांचं कॉर्टिसोल दुसऱ्या दिवसापासूनच फारसं चढेना. काहींचं मात्र रोज चढत राहिलं, म्हणजे कुणाला सराव जास्त लागतो.

आता रोज संध्याकाळी आमच्या ओट्यावर तीन खुर्च्या मांडतो. मी, शेजारचे निवृत्त गुरुजी आणि तिची आई. चेहरे कोरे ठेवायचे, मान डोलवायची नाही. तिच्या आईला ते सर्वांत अवघड जातं. काल गुरुजींनी इंग्रजीत प्रश्न विचारला, भाची क्षणभर थांबली, एक लांब श्वास सोडला आणि बोलायला लागली.