पत्रा कापायचा, पण कशाने?

कोकणातली गाडी डेंटरकडे आली की तो आधी वाकून दाराखालचा पत्रा बघतो. वरून रंग ठीक दिसतो, पण बोट दाबलं की आत जातं. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांनी पत्रा आतून खाल्लेला असतो. मग तेवढा भाग कापून काढायचा आणि तिथे नवा तुकडा जोडायचा. कापायला बहुतेकांचा हात न विचारता ग्राइंडरकडे, म्हणजे फिरत्या चकतीने धातू कापणाऱ्या हातयंत्राकडे जातो. ग्राइंडर वाईट नाही, माझी तक्रार त्या ‘न विचारता’शी आहे.

साधी पत्रा-कात्री घ्या. तिची दोन पाती पत्र्याला वरून आणि खालून विरुद्ध दिशांना ढकलतात. धातू आधी दबतो, थोडा सरकतो आणि मग उरलेल्या जाडीत तडकतो. कापलेली कड भिंगातून पाहिली तर एक पट्टा चकचकीत आणि दुसरा खरबरीत दिसतो. चकचकीत भागात पातं शिरलेलं असतं, खरबरीत भाग तुटलेला असतो. कात्रीची पाती तिरकी असल्यामुळे एका वेळी थोडाच पत्रा कापला जातो, म्हणून हाताच्या जोरावर काम होतं. मात्र जाडी दुप्पट झाली की जोर जवळजवळ चौपट लागतो. गाडीचा बाहेरचा पत्रा साधारण 0.7 ते 0.8 मिमीचा असतो, तो कात्रीला झेपतो. दीड मिमीच्या पट्टीवर तीच कात्री हट्टाने दाबली तर पाती फाकतात आणि पत्रा त्यांच्यात दुमडून अडकतो.

या कात्र्यांच्या मुठींचे रंग शोभेचे नसतात. लाल मुठीची डावीकडे वळत कापते, हिरवी उजवीकडे आणि पिवळी सरळ. दुकानात मात्र रंग आवडला म्हणून लाल उचलणारे भेटतात!

कात्रीचा खरा दोष म्हणजे कापताना एका बाजूचा पत्रा वळतो. निब्लर हे यंत्र त्यातून वाट काढतं. ते पत्र्याचे चंद्रकोरीसारखे बारीक तुकडे टोचून काढत पुढे जातं, त्यामुळे दोन्ही बाजू सपाट राहतात. पण कापाच्या रुंदीइतका पत्रा वाया जातो, तेव्हा रेघ मारतानाच तो हिशेब धरावा लागतो. आणि त्या चंद्रकोरी चपलेच्या तळव्यात रुतल्या की काय होतं, ते गॅरेजमधल्या कुणालाही विचारा.

आता ग्राइंडर. चार इंची चकती मिनिटाला 11,000 फेरे घेत असेल, तर तिची कड ताशी सुमारे 207 किमी वेगाने धावते. उडणाऱ्या ठिणग्या म्हणजे हवेत जळणारे लोखंडाचे कण. ते समोरच्या काचेत रुतून बसतात आणि रंगावर पडले तर पुढे तिथे गंजाचे ठिपके उठतात. म्हणून आजूबाजूला जाड कापड झाकायचं आणि डोळ्यांवर चष्मा लावायचा. चकतीच्या मधल्या धातूच्या कडीवर छापलेली मुदतही बघायची.

मोठा घोटाळा उष्णतेचा. कडेला निळी झाक आली म्हणजे तिथे तापमान 300 अंश सेल्सिअसच्या आसपास पोचलं. पत्र्यावर चढवलेलं, गंजापासून राखणारं जस्त 419 अंशांना वितळतं. त्यात पातळ पत्रा तापून फुगू पाहतो, भोवतालचा थंड पत्रा त्याला फुगू देत नाही. निवल्यावर तो भाग रॉकेलच्या डब्याच्या बुडासारखा टपकन आत-बाहेर होऊ लागतो. तो सरळ करण्यात डेंटरचा अख्खा दिवस जातो.

तरीही एका ठिकाणी ग्राइंडरच हवा. 1984 च्या साब 9000 पासून मोटारींत बोरॉनयुक्त पोलाद येऊ लागलं. हे पोलाद 900 अंशांच्या वर तापवून साच्यात दाबतात आणि तिथेच झटकन थंड करतात. साधा पत्रा सुमारे 300 मेगापास्कल ताणाला तुटतो, हे पोलाद 1500 पर्यंत टिकतं. पुढच्या आणि मागच्या दारांमधला खांब पुष्कळदा याचाच असतो. इथे कात्री लागू पडत नाही, साधा ड्रिल बिट बोथट होतो. गॅस कटरने ते कापलं जातं, पण कडेचं पोलाद तापून मऊ पडतं आणि अपघातात झेलायची ताकद तिथेच जाते. म्हणून पातळ चकती थांबत थांबत चालवायची, स्पॉट वेल्ड, म्हणजे पत्रे एकमेकांना धरून ठेवणारे ठिपक्यांसारखे जोड, काढायला कार्बाइड या फार कठीण पदार्थाचा कटर घ्यायचा. कुठे कापायचं आणि कुठे अजिबात नाही, हे कंपनीच्या दुरुस्ती-पुस्तिकेतल्या नकाशावरून ठरवायचं.

आपल्या दाराखालच्या पत्र्याला मी दोन टप्प्यांत हात घालीन. आधी रेघेपासून बोटभर आत, सडलेल्या बाजूने, ग्राइंडर किंवा निब्लर. तिथे कड निळी झाली तरी बिघडत नाही, ती जाणारच आहे. मग उरलेली अरुंद पट्टी कात्रीने बरोबर रेघेवर कापायची. अरुंद पट्टी सहज वळते, त्यामुळे सगळा वाक ती स्वतःवर घेते आणि गाडीवरची कड सपाट राहते. वेल्डिंग झाल्यावर आतल्या पोकळीत मेण फवारायचं, कारण गंज सुरू झाला होता तो तिथूनच.