सेन्सोजी आणि आसाकुसा जिन्जा: टाळी नेमकी कुठे वाजवायची?

टोकियोहून आलेल्या फोटोंखाली 'आसाकुसाचं बुद्धमंदिर' असं लिहिलेलं असतं आणि फोटो निघतो शेजारच्या शिंतो (जपानचा मूळचा धर्म) देवस्थानाचा. उलटंही होतं. सेन्सोजीच्या सभामंडपात उभं राहून दोन टाळ्या वाजवतानाचे व्हिडिओ फिरतात आणि खाली मजकूर असतो, 'जपानी पद्धतीने नमस्कार'. ती पद्धत जपानी खरीच, पण त्या दारातली नव्हे. टोकियोच्या आसाकुसा भागातली ही दोन स्थळं वेगळी आहेत. सेन्सोजी बौद्ध, आसाकुसा जिन्जा शिंतो ('जिन्जा' म्हणजे शिंतो देवस्थान). दोन्ही एकाच आवारात आहेत आणि एकाकडून दुसरीकडे चालत जायला मिनिटभरही लागत नाही, म्हणूनच हा घोळ संपत नाही.

सेन्सोजी बहुतेकांना माहीत असतं, त्यामुळे थोडक्यात. कामिनारिमोन हा दरवाजा आणि त्यात टांगलेला ३.९ मीटर उंचीचा, सुमारे ७०० किलोचा लाल कंदील. मग नाकामिसे ही साधारण २५० मीटर लांबीची दुकानांची गल्ली. पुढे होझोमोन दरवाजा, डावीकडे पाच मजली पॅगोडा, समोर धुपाचं मोठं पात्र आणि त्यामागे मुख्य मंदिर. आतली मूर्ती कान्नोनची, म्हणजे आपल्या अवलोकितेश्वराची. अजिंठ्याच्या १ नंबरच्या लेण्यातला पद्मपाणी तो हाच, आणि कान्हेरीच्या ४१ नंबरच्या लेण्यात अकरा मुखांचा जो आहे तोही हाच. सेन्सोजीतली मूळ मूर्ती कुणालाही दाखवली जात नाही, तेव्हा ती शोधत गर्दीत वेळ घालवू नका.

आता दुसरं स्थळ. मुख्य मंदिराकडे तोंड करून उभे राहिलात की उजव्या हाताला दगडी तोरी दिसते. 'तोरी' म्हणजे दोन खांब आणि वर आडव्या तुळया असलेली कमान. तिच्या आत आसाकुसा जिन्जा. बहुतेक पर्यटक धुपाच्या पात्रापाशी फोटो काढून मागे फिरतात आणि इकडे येतच नाहीत. आले तरी 'हेही त्याच मंदिराचं छोटं देऊळ असेल' असं धरून चालतात.

तसं ते नाही. परंपरा सांगते की इ.स. ६२८ मध्ये हिनोकुमा आडनावाच्या दोन कोळी भावांच्या जाळ्यात सुमिदा नदीतून कान्नोनची मूर्ती आली. गावचा मुखिया हाजी याने ती ओळखली आणि आपल्या घरालाच मंदिर केलं. सेन्सोजी आहे त्या सापडलेल्या मूर्तीचं. आसाकुसा जिन्जा आहे ती सापडवणाऱ्या तिघा माणसांची. म्हणून स्थानिक लोक तिला 'सान्जा-सामा' म्हणतात, म्हणजे तीन देवांचं ठाणं. पंढरपुरात विठ्ठलाच्या दारात नामदेवाची पायरी आणि चोखोबांची समाधी आहे, त्यामुळे देवाशेजारी भक्ताची जागा ही कल्पना आपल्याला परकी वाटू नये. इथे मात्र ते तिघे भक्त राहिले नाहीत, शिंतो परंपरेत त्यांचे देव झाले आणि त्यांना शिंतोच्या रीतीनेच नमस्कार करायचा असतो. बुद्धाची वा कान्नोनची पूजा या जिन्जामध्ये होत नाही.

सगळा घोटाळा इथूनच सुरू होतो, तेव्हा हातांचं नीट बघू.

सेन्सोजीत दानपेटीसमोर या. टोपी काढा. नाणं हळूच पेटीत सोडा. मुख्य मंदिरातली पेटी प्रचंड मोठी आहे आणि गर्दीच्या दिवशी लोक मागून नाणी फेकतात. ती पुढच्यांच्या डोक्याला लागतात, तेव्हा तुम्ही तसं करू नका. मग छातीशी तळवे जुळवा, डोळे मिटा, मनात जे मागायचं ते मागा, किंचित वाका आणि बाजूला व्हा. टाळी नाही. मराठी माणसाला यात शिकण्यासारखं काहीच नाही, कारण हा आपलाच नमस्कार आहे, बौद्ध धर्माबरोबर भारतातून तिकडे गेलेला. अवघड एवढंच की आरतीला टाळ्या वाजवायची आणि देवळात शिरताना घंटा वाजवायची आपल्याला सवय आहे. दोन्हींना इथे आवर घाला. होझोमोनच्या आग्नेयेला बेंतेनच्या टेकाडावर मोठी घंटा आहे (बेंतेन म्हणजे मुळातली सरस्वती). ती घंटा वेळ सांगण्यासाठी आहे, दर्शनाला आलेल्यांनी वाजवायची नव्हे.

आसाकुसा जिन्जामध्ये क्रम असा: दोन वेळा वाकणं, दोन टाळ्या, एकदा वाकणं. तोरीखालून जाण्याआधी थांबून थोडं वाका. आत वाटेच्या मधोमध चालू नका. मधली पट्टी देवाची मानतात, आपण कडेने जायचं. पेटीपाशी आलात की नाणं टाका. मग कमरेतून, पाठ सरळ ठेवून, जवळजवळ काटकोनात दोनदा वाका. नुसती मान हलवली तर ते वाकणं होत नाही. हात छातीच्या उंचीवर जुळवा, उजवा तळवा बोटाच्या एका पेराएवढा खाली सरकवा आणि दोन स्वच्छ टाळ्या वाजवा. दोन टाळ्यांमध्ये हात साधारण खांद्यांएवढे उघडू द्या. मग बोटांची टोकं पुन्हा बरोबर जुळवा आणि याच वेळी मनातलं बोला. शेवटी एकदा खोल वाका. हात सरकवण्याची पायरी बहुतेक पर्यटक गाळतात. त्याने काही बिघडत नाही, पण तळवे जरा तिरके असले की टाळीचा आवाज मोकळा येतो. खरी चूक वेगळीच होते. टाळ्या वाजवून लोक तसेच निघून जातात, ना प्रार्थना, ना शेवटचं वाकणं. टाळी म्हणजे देवाला दिलेली वर्दी. वर्दी देऊन लगेच पाठ फिरवणं कोणत्याच धर्मात बरं दिसत नाही.

'आजूबाजूचे जपानी करतात तसं करा' हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि नेमका इथेच तो फसतो. सेन्सोजीत कितीतरी जपानी माणसंही टाळ्या वाजवतात. शिंतो आणि बौद्ध ही सरमिसळ तिथे शेकडो वर्षांची आहे. ही दोन स्थळं १८६८ पर्यंत एकाच व्यवस्थेत होती. त्या वर्षी मेइजी सरकारने बौद्ध आणि शिंतो वेगळे करण्याचा हुकूम काढला आणि मंदिर व जिन्जा कागदोपत्री दोन झाले. माणसांच्या हातांना तो हुकूम अजून पुरता पोचलेला नाही. तेव्हा गर्दीकडे बघू नका, आपण कुठल्या दारात उभे आहोत ते बघा.

दार ओळखायचं कसं? 'तोरी दिसली की शिंतो' हा नियम सगळे सांगतात आणि तो अर्धाच बरोबर आहे. टोकियोतच आकासाका भागात तोयोकावा इनारी आहे. तिथे तोरी आहे, कोल्ह्यांच्या मूर्तींची रांग आहे, सगळं दिसतं शिंतोसारखं, पण ते झेन परंपरेतलं बौद्ध मंदिर आहे आणि तिथली देवता दाकिनी, भारतातून गेलेली. तिथे टाळी नाही. त्यापेक्षा नावाचा शेवट बघा. 'जी' किंवा 'इन' असेल तर बौद्ध; 'जिन्जा', 'जिंगू', 'ताइशा' असेल तर शिंतो. नावावरून कळलं नाही, तर बाहेर धुपाचं पात्र आहे का आणि आवारात थडगी आहेत का ते पाहा. दोन्ही बौद्धांकडे असतात, शिंतोकडे सहसा नसतात. आणि शंका उरलीच तर टाळी न वाजवलेली बरी. जिन्जामध्ये नुसते हात जोडलेत तर कुणाला खटकत नाही. मंदिरातल्या शांततेत टाळी मात्र लगेच ऐकू येते. (आकासाका आणि आसाकुसा ही दोन वेगळी ठिकाणं आहेत, एकमेकांपासून बरीच लांब. टॅक्सीत बसून नाव पुटपुटलात तर भलतीकडे पोचाल.)

दुसरा गैरसमज इमारतींच्या वयाचा. 'टोकियोचं सर्वांत जुनं मंदिर' हे वाक्य सेन्सोजीबद्दल खरं आहे, पण ते स्थापनेबद्दल. डोळ्यांसमोरची वास्तू जुनी नाही. १० मार्च १९४५ च्या हवाई हल्ल्यात मुख्य मंदिर जळालं. आजचं १९५८ चं, सिमेंट-काँक्रीटचं. छपरावरची कौलंदेखील आता टायटॅनियमची आहेत. कामिनारिमोन १८६५ मध्ये जळाला आणि पंचाण्णव वर्षं नव्हताच. १९६० मध्ये मात्सुशिता कोनोसुके या उद्योगपतींच्या देणगीतून तो पुन्हा उभा राहिला. होझोमोन १९६४ चा, पॅगोडा १९७३ चा. याउलट आसाकुसा जिन्जाची लाकडी वास्तू १६४९ ची आहे. तिसरा शोगुन (तेव्हाचा लष्करी राज्यकर्ता) तोकुगावा इएमित्सु याने ती बांधवली. १९२३ च्या भूकंपातून ती वाचली, १९४५ च्या आगीतूनही वाचली, आणि आज तिला राष्ट्रीय पातळीवर महत्त्वाच्या सांस्कृतिक ठेव्याचा दर्जा आहे. ज्याला जुनं टोकियो डोळ्यांनी पाहायचं आहे त्याने कंदिलासमोरची पंधरा मिनिटं कमी करून या जिन्जाच्या कोरीव, रंगवलेल्या तुळयांखाली घालवावीत. माझं मत यात पक्कं आहे.

तिथून पूर्वेला बाहेर पडताना नितेनमोन लागतो, लाल रंगाचा, १६१८ चा. तोही वाचलेला. हा दरवाजा मुळात सेन्सोजीच्या आवारात असलेल्या तोकुगावा इएयासु या पहिल्या शोगुनाच्या शिंतो देवळाचा. ते देऊळ जळालं आणि इथे पुन्हा बांधलं नाही, दरवाजा मागे राहिला. मेइजी काळात त्यातले शिंतो द्वारपाल काढून बौद्ध दिक्पाल बसवले गेले. सरमिसळ आणि ताटातूट दोन्ही एकाच चौकटीत बघायला मिळतात, आणि माणसं इथून फक्त टॅक्सी पकडायला जातात.

बाकीचे फरक किरकोळ. हात धुण्याची रीत दोन्हीकडे एकच: आधी डावा हात, मग उजवा, मग डाव्या ओंजळीतल्या पाण्याने चूळ, पळीला तोंड लावायचं नाही. धूप फक्त सेन्सोजीत. बूट सेन्सोजीच्या मुख्य मंदिरात बाहेरच्या भागात काढायचे नसतात. पायऱ्यांवर चपलांचा ढीग शोधू नका, आतल्या चटयांच्या भागात जाणार असाल तरच काढा. नाणं कोणतंही चालतं, पण पाच येनचं शुभ मानतात. ते सोनेरी असतं, मधे भोक असतं आणि त्यावर किंमत आपल्याला वाचता येईल अशा अंकांत नसते. भोक असलेलं चंदेरी नाणं पन्नासचं, तेवढं बघून टाका.

भाकिताच्या चिठ्ठ्या, म्हणजे ओमिकुजी, दोन्हीकडे मिळतात. सेन्सोजीत १०० येन पेटीत टाकायचे, धातूचा डबा हलवायचा, छिद्रातून काडी आली की तिच्यावरचा आकडा असलेला खण उघडायचा. आकडा जपानी लिपीत असतो, त्यामुळे काडी खणांशेजारी धरून आकार जुळवा आणि मग काडी परत डब्यात टाका. लोक ती हातात घेऊन फिरतात आणि मागच्याला तो आकडा मिळत नाही. सेन्सोजीच्या चिठ्ठ्यांत अशुभ निघण्याचं प्रमाण सुमारे ३० टक्के, हे प्रसिद्ध आहे, तेव्हा मन खट्टू करू नका. वाईट निघाली तर शेजारच्या तारांवर बांधून यायची. झाडाला बांधू नका, फांद्या मरतात.

शिक्का आणि सुलेखन (दर्शनाची खूण म्हणून खास वहीत करून मिळतं ते) गोळा करणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की दोन ठिकाणांचे दोन वेगळे शिक्के आहेत. सेन्सोजीचा मुख्य मंदिराच्या पश्चिमेकडच्या योगोदो या इमारतीत मिळतो, जिन्जाचा जिन्जाच्याच कार्यालयात. आधी दर्शन, मग शिक्का. वही उघडून, हवं ते पान समोर येईल अशी द्या आणि सुटे पैसे तयार ठेवा. साधी डायरी पुढे करू नका, नाकारतात. दुपारी चारच्या आत पोचणं बरं, अशा खिडक्या लवकर बंद होतात.

मे महिन्याच्या तिसऱ्या शनिवार-रविवारी जाणार असाल तर सान्जा मात्सुरी गाठाल; तो शुक्रवारी सुरू होतो. याला 'सेन्सोजीची जत्रा' म्हणतात ते चूक. हा जिन्जाचा उत्सव, आणि त्या तीन माणसांच्या तीन मोठ्या पालख्या, म्हणजे मिकोशी, रविवारी बाहेर पडतात. वस्त्यांच्या सुमारे शंभर पालख्या शनिवारी. खांदा द्यायचा हक्क त्या त्या वस्तीचा अंगरखा घातलेल्यांचा असतो. पालखीला हात लावायला पुढे सरसावू नका, आणि चांगला फोटो मिळावा म्हणून वरच्या मजल्याच्या खिडकीत जाऊन उभे राहू नका. देवाच्या पालखीकडे वरून पाहणं तिथे अपमान मानतात. शनिवारी जिन्जाच्या तोरीच्या बाहेर कडेला उभं राहिलं तर पालख्या जवळून दिसतात आणि वाटही अडत नाही.