ऑप्टोमेट्री म्हणजे चष्म्याच्या दुकानाचा कोर्स नव्हे

बारावीचा निकाल लागला की इंदूरच्या रामबागेतल्या मराठी घरांतून एक समजूत हमखास ऐकू येते: नंबर तर मशीनच काढते, मग ऑप्टोमेट्रीसाठी, म्हणजे डोळे तपासण्याच्या पदवीसाठी, चार वर्षे कशाला घालवायची? ही समजूत चुकीची आहे.

ऑटोरिफ्रॅक्टर म्हणजे नंबर काढणारे ते मशीन; ते देते तो केवळ प्राथमिक अंदाज असतो. लहान मूल यंत्रात पाहताना नकळत डोळ्यावर ताण देते आणि त्यामुळे मायनस नंबर असतो त्यापेक्षा जास्त दिसू शकतो. म्हणून गरजेनुसार थेंब घालून तो ताण सैल करावा लागतो. मग रेटिनोस्कोपचा, म्हणजे डोळ्यात प्रकाश टाकून नंबर तपासायच्या हातातल्या उपकरणाचा, प्रकाशपट्टा बुबुळावरून फिरवून आतली चमक कोणत्या दिशेला सरकते ते पाहत, ती स्थिर होईपर्यंत भिंगे बदलायची आणि हाताच्या अंतरावरून, साधारण 66 सेंटिमीटरवरून, तपासले असल्यास आलेल्या नंबरातून 1.50 वजा करायचे. हा हात सरावानेच बसतो, आणि बी.ऑप्टॉम. या ऑप्टोमेट्रीच्या पदवीच्या चार वर्षांतले एक वर्ष इंटर्नशिपचे असते ते उगाच नव्हे.

उलट टोकाचा समजही खरा नाही. ऑप्टोमेट्रिस्ट शस्त्रक्रिया करीत नाही, ते एम.बी.बी.एस.नंतर नेत्रविकारात पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या डॉक्टरांचे काम आहे. काचबिंदूची शंका ओळखून रुग्णाला त्यांच्याकडे वेळेवर पाठवणे मात्र ऑप्टोमेट्रिस्टचेच काम, आणि माझ्या मते सर्वांत जोखमीचे. 2021च्या केंद्रीय कायद्यानेही या व्यवसायाला संलग्न आरोग्यसेवांमध्ये स्थान दिले आहे.