वर्णपटातील शिखरे आणि दऱ्या : सॉफ्टवेअरपूर्वीची आणि नंतरची गोष्ट

ठाणे-बेलापूर पट्ट्यातील रसायन प्रयोगशाळांत वर्णपटावरील, म्हणजे तरंगलांबीनुसार प्रकाशाची मात्रा दाखवणाऱ्या आलेखावरील, उंचवट्याला सर्रास 'पीक' म्हणतात आणि नवख्यांना त्यावरून शेतीचे विनोद सुचतातच. प्रत्यक्षात इन्फ्रारेड आलेखावर पारगमनाचे (नमुन्यातून आरपार गेलेल्या प्रकाशाचे) टक्के मांडले की हे 'पीक' दरीच असते. ॲसिटोनमधील कार्बोनिल गटाची १७१५ सेंमी⁻¹ जवळची खूण कागदाच्या तळाकडे झेपावते.

वर्णपटातील अशा खुणा शोधण्याची सुरुवातही दऱ्यांपासूनच झाली. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ फ्राउनहोफरने १८१४ च्या सुमारास सूर्याच्या वर्णपटात ५०० हून अधिक काळ्या रेषा नोंदल्या, त्या सगळ्या डोळ्यांनी टिपलेल्या. पुढे नोंदयंत्राची लेखणी कागदावर वक्र काढू लागली, तरी खूण कोणती आणि थरथर कोणती हे माणूसच ठरवीत असे.

संगणकाने वक्राऐवजी आकड्यांची रांग हाती घेतली, तेव्हा खरी अडचण झाली. कारण 'दोन्ही शेजाऱ्यांपेक्षा मोठा तो बिंदू शिखर' एवढीच कसोटी लावली, तर गोंगाटाची (मोजमापातील निरर्थक चढउतारांची) प्रत्येक उसळी शिखर ठरते. सावित्स्की आणि गोले यांनी १९६४ मध्ये यावर जो तोडगा मांडला, तो आजही टिकून आहे: लगतच्या पाच बिंदूंना -३, १२, १७, १२, -३ यांनी गुणून बेरजेला ३५ ने भागले की गोंगाट दबतो, पण शिखराची उंची फारशी खचत नाही. त्यांच्या कोष्टकांतील काही चुका १९७२ मध्ये दुरुस्त झाल्या. दरम्यान १९६७ मध्ये मारिस्कॉटी यांनी गॅमा किरणांच्या वर्णपटासाठी दुसऱ्या फरकाची (लगतच्या फरकांमधला फरक पाहून शिखर हेरणारी) पद्धत दिली. २००६ मध्ये वेव्हलेटवर (छोट्या लहरीच्या साच्यावर) आधारलेली पद्धत आली.

सायपाय या पायथन भाषेतील वैज्ञानिक गणनाच्या संचात २०१८ साली आलेल्या 'फाइंड पीक्स' फंक्शनने 'प्रॉमिनन्स' ही कसोटी हाताशी दिली. ऐरोलीहून पारसिकच्या डोंगराकडे पाहताना उतारावरचा प्रत्येक टेंगूळ आपण वेगळे शिखर धरत नाही. अधिक उंच जागी पोहोचण्याआधी किमान किती खाली उतरावे लागते, हेच हे फंक्शन मोजते.

दऱ्यांसाठी आकड्यांची चिन्हे उलटवून तेच फंक्शन चालवतात. मात्र पारगमनासाठी बसवलेली मर्यादा शोषणाच्या (अडवलेल्या प्रकाशाच्या लॉगरिदमी मापाच्या) आलेखावर तशीच लावून चालत नाही: १० टक्के आणि १ टक्का पारगमनाच्या दऱ्या जवळपास सारख्याच खोल दिसतात, शोषणात मात्र त्यांची अनुक्रमे १ आणि २ उंचीची शिखरे होतात.