गेम अटकली का ग्राफिक्स कार्डच बदलायचं काय?

"टास्क मॅनेजरात सीपीयू फक्त पंधरा टक्के दाखवते, म्हणजे प्रोसेसर रिकामा आहे, कार्डच कमजोर." हे ऐकून ऐकून कान किटले बावा. आमच्या दारव्ह्याकडचे पोट्टे सोयाबीनचे पैसे आले का पहिले कार्ड बदलतात, अन् गेम जिथं अटकत होती तिथंच अटकते.

कार्डाचं काम म्हणजे स्क्रीनवरचं चित्र काढणं, तुम्हाले माहीतच आहे. जीटीएक्स १६५० कार्डामध्ये ८९६ कोर, म्हणजे गणित करणारे छोटे छोटे भाग, १०८०पी स्क्रीनवर वीस लाखाच्या वर पिक्सेल, सगळ्यांचं गणित जवळपास सारखं. कपाशीची वेचणी समजा, जितक्या बाया लावाल तितकं वावर लवकर मोकळं.

प्रोसेसरचा कोर ही जातच वेगळी. तिथं वखरणी, पेरणी, डवरणी एकामागं एकच होते, कितीही माणसं आणा, पेरायच्या आधी डवरता येत नाही. तुम्ही बटण दाबलं, मग गोळी कुठं लागली, मग दुश्मन मेला का, मग कार्डाले काय काढायचं ते सांगा, अन् हे सगळं ६० एफपीएससाठी, म्हणजे सेकंदाले ६० चित्रांसाठी, १६.७ मिलिसेकंदात. आवाज, फिजिक्स, मॅप लोड करणं दुसऱ्या कोरांवर वाटता येते, वाटतातही, पण बऱ्याच गेममधी मुख्य थ्रेड, म्हणजे एकामागं एक चालणारी कामाची रांग, एकच राहते. आता हिशोब करा, आठ कोर सोळा थ्रेडचा (एका कोरावर दोन रांगा) प्रोसेसर असला अन् त्यातला एक थ्रेड पुरा भरला, तरी एकूण टक्के सव्वासहाच्या आसपासच दिसतीन! कोरांचे वेगवेगळे ग्राफ पाहिले तरी फसता, कारण विंडोज थ्रेडले या कोरावरून त्या कोरावर फिरवत राहते.

म्हणून प्रोसेसरचे टक्के सोडा, कार्डाचे पहा. व्ही-सिंक (एफपीएस स्क्रीनच्या वेगाले बांधणारी सेटिंग) अन् एफपीएसची लिमिट बंद करा. कार्ड सतत ९५ च्या वर असलं तं कार्डच अडलं, साठावर लोळून राहिलं तं बहुतेक प्रोसेसर. खात्री पाहिजे तं रिझोल्युशन ७२०पी करा, एफपीएस चांगले वाढले तं कार्ड, जागचे हलले नाही तं प्रोसेसर. फुकटची टेस्ट आहे, तरी कोणी करत नाही, काहून करत नाही देव जाणे.

डायरेक्टएक्स १२ अन् वल्कन या गेम अन् कार्डामधल्या सॉफ्टवेअरमुळे कार्डाले हुकूम बऱ्याच कोरांवरून तयार करून देता येतात, पण गेमवाल्यानं तसं लिहिलं तरच.

अन् ते जुन्या सर्व्हरमधले चौदा-सोळा कोरवाले झिऑन प्रोसेसर स्वस्तात भेटतात म्हणून गेमिंगसाठी उचलू नका, एकेक कोर धिमा राहते त्यांचा. नवा सहा कोरवाला घ्या. व्हिडिओ रेंडर करत असान तं गोष्ट अलग.